कूलरचे तोंड कोणाकडे

लोकांच्या घरी जाऊन भिंतीवरची बटणे पाहणे, हे माझे काम होते. कोणते बटण कशाचे, ते दिवसाचा किती वेळ चालू असते, बंद केले तर घरातल्या कोणाचे काय अडते, एवढे पाहून यायचे आणि कार्यालयात परतल्यावर त्यावर चार ओळींचा शेरा लिहायचा. कागदोपत्री या कामाला ‘गृहभेट’ म्हणत. भेट या शब्दातला आपलेपणा या कामात असावा की नसावा, याविषयीचे माझे मत नोकरीच्या काळात पुरते बदलले. ते ज्या घरात बदलले, त्या घराविषयी लिहावे असे अनेक वर्षे मनात होते. धीर होत नव्हता.

योजना थोडक्यात सांगते. काही दिव्यांग व्यक्तींच्या घरी विजेचा खर्च इतरांहून अधिक असतो, आणि तो हौसेचा नसतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीखाली हवेची गादी लागते. तिचा लहानसा पंप रात्रंदिवस चालतो, गादीचे कप्पे आलटून पालटून फुगवतो, आणि त्यामुळे पाठीला जखमा होत नाहीत. कोणाची चाकाची खुर्ची विजेवर चालणारी असते, कोणाला कफ ओढून काढणारे यंत्र लागते. अशा उपकरणांमुळे वाढलेल्या बिलाचा काही भाग सरकारने उचलावा, एवढीच कल्पना होती. कोणती उपकरणे धरायची याची एक यादी होती. यादीत असेल ते ‘आवश्यक’ आणि नसेल ते ‘चैनीचे’. मधला शब्द आमच्या कार्यालयात वापरात नव्हता.

मी या कामावर रुजू झाले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. तर्कशास्त्र घेऊन एम. ए. झाल्यानंतरची वर्षे सासूबाईंच्या दीर्घ आजारपणात आणि मुलींच्या शाळांमध्ये गेली. सासूबाई गेल्यावर घर एकाएकी रिकामे झाले आणि मी एका जाहिरातीला भीत भीत अर्ज केला. आजारी माणसाची सेवा केल्याचा अनुभव मुलाखतीत विचारतील, असे मला वाटले नव्हते. त्यांनी तेवढेच विचारले. स्वभावाने मी भिडस्त. समोरच्याला द्यायचे योग्य उत्तर मला सुचते, पण ते परतीच्या बसमध्ये, खिडकीजवळची जागा मिळाल्यावर.

माझ्या शेजारच्या टेबलावर सोनटक्के नावाचे वरिष्ठ लिपिक बसत. त्यांना उत्तर प्रश्नाच्याही आधी सुचत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे शिक्षण विचारले आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, “तर्कशास्त्र? मग जरा जपून हं, बाई. ‘सर्व मनुष्य मर्त्य आहेत’ हे सिद्ध करायला इथे मृत्यूचा दाखला जोडावा लागतो.”

मी हसले. खरे तर यावर काहीतरी बोलायला हवे होते. ते बसमध्ये सुचले.

सुरुवातीच्या दिवसांतली एक भेट पुढे मला फार उपयोगी पडली. खडकीला एक जन्मांध बाई एकट्या राहत. टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी विजेच्या शेगडीसाठी अर्ज केला होता. सोनटक्के म्हणाले, “अंधांच्या घरी विजेचं बिल कसलं आलंय? दिवे तर लागत नसतील.” मी अर्ज पिशवीत घातला आणि निघाले.

बाईंनी दार उघडले, मला आत घेतले, आणि बसायला सांगण्यापूर्वी भिंतीवरचे बटण दाबून ट्यूबलाइट लावली.

“दिवा लागला ना? बसा. तुम्हा लोकांना अंधारात सुधरत नाही, मला माहिती आहे.”

मी गॅसऐवजी विजेची शेगडी का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “ज्योत बारीक आहे की मोठी, हे तुम्ही डोळ्यांनी बघता. मी हात जवळ नेऊन बघायची. एकदा पदराने बघितलं.” मग दंडावरचा भाजल्याचा जुना व्रण त्यांनी सहज दाखवला. “या शेगडीचं बटण फिरवताना टकटक वाजतं. किती टकटक झाल्या त्यावर माझी भाजी शिजते.”

त्यांचे काम झाले. मी मात्र परतताना त्या दिव्याचा विचार करत होते. गृहभेटीला गेलेल्या माणसाला घर जसे असते तसे दिसतच नाही. त्याच्यासाठी दिवा लावलेला असतो. आपण पाहतो ते आपल्या स्वागताचे घर. हा विचार मी सोनटक्क्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, “मग तेवढं युनिट तुमच्या नावावर टाकू या.”

आता ज्या प्रकरणासाठी हे सारे लिहायला घेतले, त्याकडे वळते. पण त्याआधी आणखी एका गृहस्थांचा उल्लेख करणे भाग आहे, कारण पुढचा अडथळा त्यांनीच उभा केला होता. हे सद्गृहस्थ प्रशस्त बंगल्यात राहत. गुडघेदुखीच्या दाखल्यावर त्यांनी वातानुकूलन यंत्राचे बिल मागितले होते. गुडघा तापतो, असे त्यांचे लेखी म्हणणे होते. प्रकरण अर्थातच फेटाळले गेले, परंतु तेव्हापासून थंड हवा देणाऱ्या प्रत्येक यंत्राकडे आमचे कार्यालय संशयाने पाहू लागले. पंखा चालेल, कूलर नाही, वातानुकूलन तर नाहीच. एका गुडघ्याने बंद केलेले हे दार उघडायला पुढे फार जोर लावावा लागला.

खराडीच्या दत्ताचा अर्ज माझ्याकडे आला तो दोनदा नामंजूर होऊन. दत्ता विजेच्या मोटारी दुरुस्त करणारा कारागीर. मोटारसायकलवरून पडून त्याच्या मानेतला मज्जारज्जू दुखावला आणि खांद्याखालचे शरीर निकामी झाले. अर्ज हवेच्या गादीचा पंप आणि कूलर या दोन्हींसाठी होता. पंपाला कोणाची हरकत नव्हती. पण पंप वीज खातो ती चिमणीएवढी, घराचे बिल वाढवत होता तो कूलर. त्यावर आधीच्या दोन्ही गृहभेटींचे शेरे जवळजवळ सारखे होते: कूलर कुटुंबाच्या व पाहुण्यांच्या वापरात, अर्जदाराकडे वारा जात नाही, घर पुरेसे थंड, चैनीची वस्तू.

“खराडी?” सोनटक्के म्हणाले. “तिथे गाववाल्यांना मदत कसली करता? तेच आपल्याला करतील. जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. तीन फ्लॅट असतील नावावर.”

फ्लॅट नव्हते. जमीन भाव येण्याच्या आधीच, थोरल्या चुलत्याने विकली होती, आणि दत्ताच्या घराच्या वाट्याला जुन्या गावठाणातली एक खोली आणि पुढची पडवी एवढेच आले होते. वर पत्रे. दाराच्या समोर, पूर्वेला, रस्त्यापलीकडे एका सॉफ्टवेअर कंपनीची काचेची उंच इमारत. मी चैत्रात सकाळी गेले तेव्हा त्या इमारतीची सावली घरावर पडलेली होती आणि गल्ली बरीच सुसह्य होती.

दारात दत्ताची आई उभी होती. सगळे तिला आक्का म्हणत. “या बाई, या. उनाचं आलाय,” असे म्हणत तिने खुर्ची पुढे केली, आणि मी टेकते न टेकते तोच चाकांच्या स्टँडवरचा कूलर दोन्ही हातांनी धरून गर्रकन माझ्याकडे फिरवला. पाण्याचा तांब्या त्यानंतर आला. बसच्या गर्दीतून आलेल्या माझ्या चेहऱ्यावर तो वाळ्याचा गार वारा आला, आणि खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले.

दत्ता भिंतीकडच्या कॉटवर होता. छातीवर ओला पंचा पसरलेला. तिशीतला, तरतरीत चेहऱ्याचा. मी बटणे पाहिली, पंप पाहिला, प्रश्न विचारले. तो नीट उत्तरे देत होता. मग मध्येच म्हणाला,

“ताई, येक इचारू? गार वाटतंय का?”

“हो, छान वाटते आहे.”

“मंग झालं. तुमचाबी शेरा त्योच.”

मला कळेना. “कोणता शेरा?”

“मागचं दोन सायबबी हितंच बसलं व्हतं. त्यास्नीबी छान वाटलं. छान वाटलं म्हनून लिवून गेले, घर गार हाय, कूलर पावन्यांकडं हाय.”

“दत्ता,” आक्का दटावणीच्या सुरात म्हणाली, “पावन्यांम्होरं आसलं बोलत्यात व्हय?”

“आईला किती येळा सांगितलं. ती म्हनती व्हय व्हय. पर तिचा हात ऐकत न्हाई.”

तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिले. आम्ही बोलत असताना त्याचा चेहरा तांबूस झाला होता. ओठ सुकले होते. पण कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. मी विचारले तेव्हा तो हसला. “घाम येतच न्हाई, ताई. डॉक्टर म्हनले, मानेखालची तार तुटली, तवा घामाचीबी तुटली. मडकं कसं, पाझरतं म्हनून पानी गार ऱ्हातं. माझं मडकं हाय, पर वरनं त्याल लावल्यालं. पाझरतच न्हाई. मंग आंगावर वला पंचा टाकायचा आन् त्येच्यावर वारा सोडायचा. माझा घाम ह्यो कूलर गाळतो.”

मी लगबगीने उठले आणि कूलर त्याच्याकडे वळवू लागले. आक्काने दुसऱ्या बाजूने स्टँड धरला. “ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी घामाघूम झालाय.” “नको, आक्का, तिकडेच असू द्या.” “आसं कसं, दारी आल्याल्या मानसाला उकाड्यात बसवू?” दोघीही अत्यंत नम्रपणे तो कूलर ओढत होतो, आणि नम्रतेत मी कोणाला जिंकले आहे असे आठवत नाही. आक्का जिंकली. मग मला एक गोष्ट सुचली, आणि ती चक्क जागच्या जागी सुचली. मी माझी खुर्ची उचलली आणि दत्ताच्या कॉटला लागून ठेवली. पाहुणी जिकडे, वारा तिकडे. आक्काला कूलर आमच्या दोघांकडे फिरवावा लागला. दत्ता खुदकन हसला आणि म्हणाला, “ह्या ताई शिकलेल्या हायेत, आई.”

त्याच्याशेजारी बसून मी मागच्या उन्हाळ्याची हकिगत ऐकली. दत्ताचा धाकटा भाऊ टेम्पो चालवत असे आणि तो टेम्पो बंद पडून होता. बिल थकले, वीज तोडण्याची सूचना आली. म्हणून आक्काने दुपारचा कूलर बंद ठेवायला सुरुवात केली. दत्तानेच तसे सांगितले होते. काही दिवसांनी एका दुपारी त्याचे अंग भट्टीसारखे तापले, झटके आले, शुद्ध गेली. शेजाऱ्यांनी ओल्या चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेले.

“मला वळखत नव्हता,” आक्का म्हणाली. ती स्टोव्हजवळ पाठमोरी उभी होती. “आई म्हनून हाक मारीना. डॉक्टर म्हनले, पुन्यांदा आसं झालं तर सांगता येनार न्हाई.”

“लाइटबिल कमी आलं व्हतं त्या म्हैन्यात,” दत्ता म्हणाला.

यापुढे या घरात सहानुभूतीने काही होणार नव्हते. वैशाख तोंडावर आला होता. बिलाला आधार मिळाला तर कूलर चालू राहणार होता, नाही मिळाला तर आक्काला पुन्हा एकदा बटणाकडे पाहत दुपार काढावी लागणार होती. निघताना दत्ता म्हणाला, “आन् तुमी सगळी सकाळचं येताय. आमच्याकडं दुपारी ऊन दोन बाजूंनी येतं. येक सूर्याचं, येक कंपनीचं.”

पुढच्या शनिवारी सुट्टी असताना मी मुद्दाम दुपारी चारच्या सुमारास गेले. सूर्य पश्चिमेकडून पत्र्यांवर होता, आणि समोरची काच तेच ऊन पूर्वेकडून थेट दारात परत फेकत होती. पडवीची फरशी चपलेतूनही भाजत होती. त्या इमारतीच्या आत एरवी या वेळी शेकडो माणसे शाली घेऊन बसत असतील. वातानुकूलनाने मुली गारठतात, असे माझीच धाकटी सांगत असे. मी मात्र पडवीत उभी राहून दोन्ही उन्हे पाहून घेतली.

सोमवारी शेरा लिहिला. बोलण्याचे वाटे तसे शेरे लिहिण्याचे भय मला कधी वाटले नाही. मी लिहिले, की पाय नसलेल्या माणसाला कृत्रिम पाय चैन म्हणून दिला जात नाही, तसे घाम नसलेल्या माणसाचा हा कृत्रिम घाम आहे. डॉक्टरांचे पत्रही जोडले. सोनटक्क्यांनी ते वाचले, आणि पुन्हा एकदा वाचले.

“म्हणजे घामाचं बिल सरकारने भरायचं,” ते म्हणाले. “घाम गाळायचा कूलरने, आणि भरायचं आपण.”

“हो,” मी म्हणाले. एवढेच.

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिले, आणि नंतर हळू आवाजात म्हणाले, “आगाशेसाहेबांनी स्वतः पाहिल्याशिवाय हे वर जाणार नाही, बाई. आणि ते दुपारी ऑफिस सोडत नाहीत.”

आगाशेसाहेब आमचे अधिकारी. सज्जन, नेटके, नियमाचे पक्के. यादीत नवे उपकरण घालण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, परंतु त्यांच्या शिफारशीला वर मान होता आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिफारस करायची नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्या केबिनबाहेर मी मनातल्या मनात वाक्ये जुळवत उभी राहिले. आत गेल्यावर त्यातले एकच बाहेर आले.

“साहेब, चार वाजता.”

“काय चार वाजता?”

“खराडीची गृहभेट.”

“दुपारी चारला कोणी गृहभेट देतं का हो? सकाळी साडेदहाला जाऊ.”

“सकाळी तिथे ऊन नसते, साहेब.”

त्यांनी पेन खाली ठेवले. “ऊन सकाळीच उगवतं, अशी माझी समजूत होती.”

“तिथे दुपारी उगवते. दोन बाजूंनी.”

साहेबांनी टेबलावरची डायरी पुढे ओढली. अबोल माणूस एखादे विचित्र वाक्य बोलला की लोक त्यात काहीतरी असेल असे धरून चालतात. भिडस्तपणाचा हा एकच लाभ मला आयुष्यात ठाऊक आहे. “बरं,” ते म्हणाले. “चार.”

भेटीच्या आदल्या दिवशी मी आक्काला जाऊन सांगितले, की उद्या साहेब येतील, त्यांच्याकडे कूलर फिरवायचा नाही. तिने हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, “बाई, तुमी येवढ्या शिकलेल्या. मला सांगा, आपल्या घरात पावना घामानं भिजतोय आन् आपन नुसतं बगायचं, मंग आमी मानसं कशाला म्हनायचं?”

याचे उत्तर मला पुढे बसमध्येही सुचले नाही. मी एवढेच म्हटले, “आक्का, तुमचा पाहुणचार चुकत नाही. पण त्याची किंमत दत्ता देतो.”

“तुमी म्हनताय तर न्हाई फिरवनार,” ती म्हणाली. तिला ते पटले नव्हते. तिने शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. मी खुर्ची दाराजवळ ठेवली होती. पत्रा तडतडत होता. समोरच्या काचेचा झोत उंबरठा ओलांडून त्यांच्या पाठीवर पडला होता. कूलर दत्ताकडे तोंड करून चालू होता. आक्काने पाणी दिले आणि ती कूलरपासून लांब, हात पदराखाली घेऊन उभी राहिली. ते हात तिने तसे का ठेवले आहेत हे मला ठाऊक होते.

साहेबांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांचा रुमाल कपाळावरून मानेवर आणि मानेवरून कॉलरच्या आत गेला. आक्काची तगमग मला दिसत होती. शेवटी तिला राहवले नाही. तिने कोपऱ्यातला एक पुठ्ठा उचलला आणि साहेबांना वारा घालू लागली. कूलरचे वचन दिले होते, पुठ्ठ्याचे दिले नव्हते. मी उठून तिच्या हातातून पुठ्ठा काढून घेतला आणि माझ्या खुर्चीखाली ठेवला. साहेबांनी हे पाहिले. शर्ट आता पाठीला चिकटला होता.

आणखी थोड्या वेळाने ते म्हणाले, “तो कूलर जरा इकडे फिरवता का?”

आक्काचे हात पदराबाहेर आले. ती दोन पावले पुढे झाली.

“नाही, साहेब,” मी म्हणाले.

नोकरीत वरिष्ठांना ‘नाही’ म्हणण्याची माझी ती पहिली वेळ. माझाच आवाज मला परका वाटला. दत्ता चटकन म्हणाला, “फिरवू द्या, ताई. पाच मिन्टानं काय व्हतंय?”

“नाही,” मी त्यालाही म्हणाले. आणि मग, जे एरवी बसमध्ये सुचले असते, ते त्या उकाड्यात एकापाठोपाठ एक बाहेर आले. “साहेब, या घरात आजवर आपल्या कार्यालयातून जे जे आले, त्यांच्याकडे हा कूलर फिरवला गेला. मी आले तेव्हा माझ्याकडेही. आम्हाला गार वाटले, म्हणून आम्ही घर गार असल्याचे लिहिले. कूलर पाहुण्याकडे होता, कारण पाहुणे आम्हीच होतो. आपल्याला त्रास होतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पण आपल्याला घाम येतो आहे. त्याला येत नाही.”

साहेबांनी हातातल्या रुमालाकडे पाहिले. तो पिळता आला असता. मग ते उठून कॉटजवळ गेले, दत्ताला “हात लावू का?” असे विचारले आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. कूलर समोर असूनही ते गरम होते, आणि कागदासारखे कोरडे.

“तुम्हाला नक्की काय होतं, ते सांगा,” ते दत्ताला म्हणाले.

दत्ताने मडक्याची गोष्ट सांगितली. साहेब उभ्यानेच ऐकत राहिले, आणि ऊन काचेवरून उतरेपर्यंत तिथून हलले नाहीत. कूलर त्यांनी पुन्हा मागितला नाही.

रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, “तुम्ही मला पाणी पिऊ दिलंत, त्याबद्दल आभारी आहे.” मी मान खाली घातली. “शिफारस मी उद्या लिहितो. तुमचं ते कृत्रिम घामाचं वाक्य घेऊ ना? सोनटक्के म्हणत होते, चांगलं आहे.”

आपण असे म्हणाल्याचे सोनटक्क्यांनी मला कधीच कळू दिले नव्हते.

मंजुरी वरून यायला वेळ लागला. तो वैशाख आक्काने आणि तिच्या धाकट्याने कसा काढला ते मी जवळून पाहिले. टेम्पो दुसऱ्याचा चालवून त्याने बिल भरले आणि कूलर एकही दुपार बंद राहिला नाही. मी दर आठवड्याला वरच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसत असे. मला पाहून पाहून तिथल्या शिपायाने एकदा विचारले, “बाई, तुमचं नेमकं काम काय आहे?” मी म्हटले, “एका माणसाचा घाम.” त्यानंतर तो मला थेट आत सोडू लागला. पुढच्या उन्हाळ्याआधी यादीत एक ओळ वाढली: मज्जारज्जूच्या इजेमुळे घाम न येणाऱ्या व्यक्तींसाठी कूलर. पुढे विश्रांतवाडीपासून हडपसरपर्यंत अनेक घरांना तिचा उपयोग झाला. त्याआधी किती घरांत पाहुण्याकडे वळलेले कूलर पाहून किती अर्ज परत गेले असतील, याचा विचार मात्र अजूनही मनातून जात नाही.

नव्याने कामावर येणाऱ्यांना मी एकच गोष्ट शिकवत असे. कोणाच्याही घरी गेलात की आधी विचारा, मी यायच्या आधी हे कसे होते? दिवा, पंखा, खुर्ची, सगळे पूर्वीच्या जागी जाऊ द्या आणि मग वही उघडा. सोनटक्के निवृत्त होईपर्यंत या शिकवणीला ‘बाईंचे तर्कशास्त्र’ म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती हे मी विचारले नाही.

निवृत्त झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात मी खराडीला गेले. कामाशिवाय त्या घरी जाण्याची ती पहिलीच वेळ. समोर आता काचेच्या दोन इमारती आहेत. दत्ताने कॉटवरूनच, उशीजवळच्या फोनवर बोलत, दोन पोरांना मोटारींत तांब्याची तार भरण्याचे काम शिकवायला घेतले आहे. आक्काचे केस पिकले आहेत.

दुपार होती. मी खुर्चीत बसले. कूलर दत्ताकडे होता. आक्काने पाणी आणले, चहा टाकला, मुलींची चौकशी केली. कूलर दत्ताकडेच होता. माझ्या कानामागून घामाचे ओघळ उतरू लागले. आक्काने ते पाहिले, आणि हसली. मग कोपऱ्यातला पुठ्ठा उचलून तिने माझ्या मांडीवर टाकला.

“घ्या,” ती म्हणाली, “आपलं आपन वारं घ्या. तुमी काय पावन्या हाय?”

मी पुठ्ठा घेतला आणि वारा घेऊ लागले.